वायफाय 'पोर्ट' का होत नाही? शिरगावच्या खांबावरच्या तारांचा इतिहास

मावळात हल्ली हे वाक्य सर्रास कानावर पडतं: "नेट लई स्लो झालंय, दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून टाकू." मोबाईलमुळे 'पोर्ट' हा शब्द आपल्या तोंडात चांगलाच बसलाय. नंबर तोच, सिम नवं, कंपनी नवी. पण घरच्या ब्रॉडबँडला पोर्ट नावाची गोष्टच नाही. जुनं कनेक्शन बंद करणं हे एक काम आणि नवं घेणं हे दुसरं, आणि या दोन कामांचा एकमेकांशी कागदोपत्री काहीही संबंध नसतो. नव्या कंपनीला जुनीशी देणंघेणं नसतं, जुनीला नवीची खबर नसते. मधली धावपळ सगळी आपली.

असं का? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण फायबरला कोणी अडवलेलं नाही. उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास फार जुनाही नाही. मी पीएचडीसाठी तारा, खांब, नळ, मीटर असल्या 'कंटाळवाण्या' गोष्टींचा इतिहास वाचते. विषय सांगितला की लोक विचारतात, "यात काय इतिहास?" आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर. उदाहरणाला गाव घेऊ शिरगाव.

खांबाकडे एकदा वर बघा

सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की पवनेच्या काठचं शिरगाव लागतं. बाहेरच्यांना ते प्रतिशिर्डीच्या साईमंदिरामुळे माहीत. एका बाजूला तळेगाव, दुसऱ्या बाजूला गहुंजे आणि पुढे पिंपरी-चिंचवड. जुना हायवे आणि एक्सप्रेसवे दोन्ही हाकेच्या अंतरावर. गावठाण आहे, भातखाचरं आहेत, आणि गेल्या वीसेक वर्षांत या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या सोसायट्या आणि शनिवार-रविवारचे बंगलेही आहेत.

अशा कुठल्याही गावात रस्त्याकडेच्या खांबावर नजर टाका. काळ्या तारांचे झुबके लोंबताना दिसतील. काही चालू, काही मेलेल्या, काहींची वेटोळी करून ठेवलेली. घरात येणारी विजेची तार एकच असते, पाण्याची लाइन एकच असते, मग इंटरनेटच्याच तारा इतक्या का? कारण आपल्याकडे कंपनी बदलायची म्हणजे तार बदलायची. प्रत्येक कंपनी आपली तार स्वतः ओढते, आणि ग्राहक सोडून गेला की ती तिथेच लोंबत राहते. हा झुबका ही आपली वाईट सवय आहे असं आपण समजतो. खरं तर तो एका धोरणाचा पुरावा आहे.

तार गेली, पण थांबली नाही

मावळ हा तारांच्या वाटेवरचा मुलूख आहे. १८५० च्या दशकात मुंबईहून दक्षिणेकडे तारयंत्राची लाइन गेली ती घाट चढून, पुण्यावरूनच. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, १८६३ मध्ये बोरघाट पार झाला. आजही मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल उतरतात आणि तिथून पुण्याच्या कंपन्यांपर्यंत जाणारी वाट याच घाटातून येते. मावळातल्या माणसाने तार नेहमीच बघितली. तिचा दुवा त्याच्या घरापर्यंत यायला मात्र शंभर-सव्वाशे वर्षं गेली. जवळून जाणं वेगळं आणि घरात येणं वेगळं, हे सगळ्याच पायाभूत सोयींबाबत खरं आहे.

ही तार कोणाची, याचं उत्तर १८८५ च्या भारतीय तार कायद्याने दिलं होतं: सरकारची. तारा टाकायचा आणि चालवायचा विशेष अधिकार सरकारकडे, बाकी कोणी करायचं तर सरकारच्या परवान्याने. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा राहिला. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली, १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल निघाली, आणि उरलेल्या देशाचा कारभार दूरसंचार खात्याकडून १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएलकडे आला. नावं बदलली, तार तीच आणि मालकही तोच.

त्या काळात कंपनी बदलायचा प्रश्नच नव्हता. फोन मिळणं हीच मोठी गोष्ट. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, ओळखीने काम होतंय का बघायचं, नाहीतर जादा पैसे भरून 'ओन युवर टेलिफोन' योजनेत नाव घालायचं. गावात पीसीओचा पिवळा बोर्ड लागला की त्या दुकानाला मान मिळायचा. आपल्या आधीच्या पिढीला कनेक्शन 'सोडायची' भीती का वाटते, हे या रांगेतून समजतं. "असू दे, कशाला बंद करता?" असं आजी-आजोबा म्हणतात, त्यामागे ती रांग उभी असते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची परवानगी मिळाली. डायलअपच्या त्या दिवसांत एक मजेशीर गोष्ट होती, जी आपण विसरलोय: तेव्हा इंटरनेटची कंपनी बदलणं आजच्यापेक्षा सोपं होतं! फोनची तार सरकारी, पण त्यावरून कुठल्या कंपनीचा नंबर फिरवायचा हे तुमच्या हातात. दुकानातून दुसऱ्या कंपनीचं तासांचं पॅकेट आणायचं, नवा युजरनेम टाकायचा, झालं. तार एकाची, सेवा दुसऱ्याची. ब्रॉडबँड आलं आणि ही सोय गेली.

२००४: एक न घेतलेला निर्णय

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं मुख्य वळण २००४ सालचं आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ब्रॉडबँड वाढवण्यासाठी सरकारला शिफारशी केल्या. त्यातली एक होती 'लोकल लूप अनबंडलिंग'. नाव जड आहे, कल्पना सोपी. एक्स्चेंजपासून घरापर्यंत जी तांब्याची तार आधीच पडलेली आहे, ती तिच्या मालकाने ठरावीक भाडं घेऊन इतर कंपन्यांनाही वापरू द्यावी. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यात ही तरतूद होती. युरोपीय संघाने २००० साली तसा नियम केला होता.

ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं. किमान २५६ केबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या आली. पण अनबंडलिंगची सक्ती आली नाही. कंपन्यांनी आपसात व्यापारी करार करून तांब्याची तार वाटून घ्यायला हरकत नाही, एवढंच धोरणात म्हटलं गेलं. आता ज्याच्या हातात तार आहे तो स्पर्धकाला आपणहून कशाला देईल? जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आणि एमटीएनएलचं ट्रायबँड सुरू झालं. तार ज्याची, इंटरनेटही त्याचंच.

इथे बीएसएनएलची बाजूही नीट ऐकली पाहिजे. ते तांबं सार्वजनिक पैशातून, डोंगरदऱ्यांत आणि तोट्याच्या गावांतही टाकलेलं होतं. खासगी कंपन्या शहरातले मलईदार ग्राहक उचलतील आणि खेड्यातल्या तारा सांभाळायचा खर्च आपल्या गळ्यात पडेल, ही भीती खोटी नव्हती. शिवाय एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर लांब गेलेल्या जुन्या तांब्यावर ब्रॉडबँड नीट चालतही नाही. म्हणून मी याला 'घोडचूक' म्हणणार नाही. पण त्याचे परिणाम झाले, ते मोजता येतात. धोरणाचं लक्ष्य होतं २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्या. त्या वर्षाअखेर झाल्या साधारण १ कोटी १० लाख. आणि ज्यांना सरकारी तार नको होती, त्यांच्यापुढे एकच वाट राहिली: नवी तार ओढणाऱ्याची वाट बघायची.

आपल्याच राज्यातलं दुसरं उदाहरण

"तार एकाची, सेवा दुसऱ्याची हे भारतात जमणारच नाही," असं कोणी म्हटलं तर मी मुंबईच्या विजेकडे बोट दाखवते. उपनगरात विजेच्या तारा तेव्हाच्या रिलायन्स इन्फ्राच्या. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकायचा हक्क असल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने वाट मोकळी केली: ग्राहकाने टाटाची वीज घ्यावी, ती रिलायन्सच्याच तारेतून यावी, आणि तारेचं भाडं बिलात वेगळं दाखवावं.

तिथे दोन शब्द रूढ झाले. तार जुनीच ठेवून कंपनी बदलली तर 'चेंजओव्हर', आणि नवीन कंपनीच्या नव्या तारेवर गेलात तर 'स्विचओव्हर'. मला ही जोडी फार आवडते, कारण आपला सगळा गोंधळ तिच्यामुळे स्पष्ट होतो. ब्रॉडबँडमध्ये आपल्याला फक्त स्विचओव्हर मिळालं. चेंजओव्हर कधी मिळालंच नाही. मुंबईतलं चेंजओव्हरही फुकटचं नव्हतं. तारेचं भाडं, अधिभार, कुणी कुणाचा तोटा भरायचा यावर पुढे बरीच वर्षं वाद चालले. सामायिक तार म्हणजे भांडण मिटलं असं नाही. पण ते भांडण नियामकासमोर, हिशेब मांडून होतं. आपलं भांडण खांबावर होतं.

मग तार कोणी आणली? केबलवाल्याने

सरकारी तांबं वाटून मिळालं नाही, आणि मोठ्या कंपन्या सुरुवातीला गावाकडे फिरकल्या नाहीत. मधली जागा भरली ती केबलवाल्याने. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या. पोरांनी डिश लावली आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर, विजेच्या खांबावरून आंब्याच्या झाडावर अशी केबल नेली. कायदा आला १९९५ मध्ये. तार त्याच्या आधीच पोचली होती. पुढे सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०१३ च्या मुदतीने आणि ग्रामीण भागात त्यानंतर टप्प्याटप्प्याने. केबलचा धंदा आक्रसला, आणि त्याच वाटांवरून, त्याच माणसांनी, इंटरनेटचं फायबर ओढायला सुरुवात केली. त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर आलं, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, शाळा आणि ऑफिस घरात आलं, आणि तारांचा झुबका जाड झाला.

आता यातली खरी गंमत बघा. बिलावर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण शेवटचे दोनशे मीटर बऱ्याच ठिकाणी स्थानिक ऑपरेटरचे असतात. उद्या त्या ऑपरेटरने वरची कंपनी बदलली, तर गल्लीतली सगळी घरं एका रात्रीत नव्या कंपनीची ग्राहक होतात. नवा लॉगिन, नवं ॲप, तार तीच. म्हणजे चेंजओव्हर आपल्याकडे होतं की! फक्त ते करायचा अधिकार ग्राहकाकडे नाही, तारवाल्याकडे आहे.

माझ्या वाचनातून निघणारा मुद्दा एवढाच: ज्याच्या हातात शेवटची तार, त्याच्या हातात बदलायचा अधिकार. नियमही याच समजुतीवर उभे राहिले. ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँड सेवेच्या दर्जाचे नियम केले. कनेक्शन किती दिवसांत द्यायचं, बिघाड किती दिवसांत काढायचा, बंद केल्यावर अनामत किती दिवसांत परत करायची, हे सगळं त्यात होतं. एका कंपनीकडून दुसरीकडे जाणाऱ्या माणसासाठी मात्र रकाना नव्हता. मोबाईलला २०११ च्या जानेवारीत देशभर पोर्टेबिलिटी मिळाली. ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४ पासून ब्रॉडबँड बदलताना फक्त नव्या कंपनीला सांगायचं, जुनं बंद करायचं काम तीच करते. आपल्याकडे दोन्ही दरवाजे आपणच वाजवायचे.

बदलल्यावर काय होतं, आणि ते का होतं

आता कामाचं. कंपनी बदलल्यावर ज्या गोष्टी अंगावर येतात, त्या प्रत्येकीमागे वरचाच इतिहास आहे. म्हणून त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

मधले दिवस. दोन तारा वेगळ्या असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. आपल्या पद्धतीचा हा एकमेव फायदा, तो जरूर घ्या. नवं कनेक्शन लागल्यावर लगेच जुनं तोडू नका. आठ-दहा दिवस दोन्ही ठेवा. मावळात असाल तर एक जोराचा पाऊस आणि एकदा तरी लाइट जाणं, एवढी परीक्षा नव्या तारेला देऊ द्या. लाइट गेल्यावर तुमच्या राउटरला इन्व्हर्टर असेलही, पण वाटेतल्या डब्याला आहे का, ते तेव्हाच कळतं.

लँडलाइनचा नंबर. तो बहुतेक जाणार. मावळचा कोड ०२११४, आणि त्यापुढे जुने नंबर २ ने सुरू होतात. हा दोन आकडा योगायोग नाही. २००३ च्या क्रमांक योजनेत २ म्हणजे बीएसएनएल-एमटीएनएल, ३ रिलायन्स, ४ एअरटेल, ६ टाटा अशी वाटणी झाली. कंपनीची ओळख नंबरच्या पहिल्या आकड्यातच कोरलेली, आणि लँडलाइनला पोर्टेबिलिटी नाही. तेव्हा बंद करण्याआधी वहीतून बघा: तो नंबर कुठे कुठे दिलाय? बँक, गॅस, डॉक्टर, गावाकडची आत्या. कंपनीने दिलेला ईमेल पत्ता वापरत असाल तर तोही तिच्याबरोबरच जातो.

राउटर. तो पांढरा डबा एका कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो, दुसरीकडे सहसा चालत नाही. तो विकत घेतलाय की वापरायला दिलाय ते पावतीवर बघा. परत करायचा असेल तर नुसता माणसाच्या हातात देऊ नका, लेखी पोच घ्या. २००६ च्या नियमात अनामत परत करायला ६० दिवस होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू आहेत, त्यातही मुदत घातलेली आहे. पण मुदत मोजायला बंद केल्याची तारीख लागते, म्हणून बंद करायचा अर्ज ॲपवर किंवा ईमेलने करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. आगाऊ भरलेले सहा-बारा महिन्यांचे पैसे परत मिळवणं अवघड जातं. शक्य असेल तर प्लॅन संपत आल्यावरच बदला.

घरातली यंत्रं. एक साधी युक्ती: नव्या राउटरला जुन्याचंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. मोबाईल, टीव्ही, प्रिंटर बहुतेक आपोआप जोडले जातात. बंगल्यावर सीसीटीव्ही असेल आणि तो तुम्ही मुंबईत बसून बघत असाल, तर आधीच विचारा: स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतो का? आयपी पत्ते कमी पडतात म्हणून अनेक कंपन्या एकच पत्ता बऱ्याच घरांना वाटून देतात. मग बाहेरून थेट कॅमेरा उघडत नाही आणि आपण कॅमेरेवाल्याला बोल लावतो.

वेग. पहिले काही दिवस सगळंच पळतं. खरा वेग संध्याकाळी आठ ते अकरामध्ये कळतो, आणि तोही वायफायवर नाही, राउटरला केबल लावून मोजल्यावर. जाड भिंतीपलीकडे सिग्नल मरत असेल तर कंपनी बदलून फरक पडणार नाही.

दुरुस्ती. हा प्रश्न कंपनीला नाही, शेजाऱ्याला विचारा: "तार तुटली तर कोण येतं, आणि किती वेळात?" कॉल सेंटर कुठल्याही शहरात असेल, शिडी घेऊन येणारा माणूस जवळपासचाच असावा लागतो. जुनं कनेक्शन बंद करताना जुन्या माणसाशी वाकडं घेऊ नका. गावात तार ओढणारे हात मोजके असतात, आणि नव्या कंपनीची तार दुरुस्त करायला उद्या तोच येऊ शकतो!

आणि शेवटी, मेलेली तार. बंद करताना ती काढून न्यायला सांगा. बहुतेक वेळा ती राहतेच, पण सांगितलेलं बरं.

आता तांब्याची गोष्ट संपल्यात जमा आहे. २००० च्या दशकाच्या मध्यात देशात सुमारे ५ कोटी लँडलाइन होत्या, २०२० च्या सुमारास उरल्या साधारण २ कोटी. तांबं वाटून घ्यायचा वाद त्यामुळे आपोआप निकालात निघाला. पण फायबरचा वाद तोच आहे. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची सार्वजनिक तार नेण्याचं काम २०११ पासून चालू आहे. पंचायतीपासून घरापर्यंतची तार कोणाची, आणि ती दुसऱ्याला वापरू द्यायची का, हा २००४ चाच प्रश्न आहे. यावेळी तो ग्रामसभेतही विचारता येईल. खांब गावातले आहेत, रस्ता गावातला आहे. खोदायची किंवा तार टाकायची परवानगी मागायला कोणी आलं, की तेवढं एक विचारायचं: ही तार पुढे दुसऱ्यालाही वापरता येणार का?

पुढच्या लेखात विजेच्या मीटरबद्दल. तोवर तुमच्या गावात पहिली केबल कोणी आणि कुठल्या झाडावरून आणली, ते घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. दफ्तरात हे क्वचितच सापडतं.